एका ठिपक्यामागे अडीच हजार बेटं: डायबिटीसच्या उपचारातली नाजूक मोजणी

घरात इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर फ्रीजच्या दारातली ती छोटी बाटली तुमच्या ओळखीची असेल. पण बाटलीवरचा आकडा कधी नीट वाचलाय का? आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीत मिळतं. एका बाटलीत दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, तर दुसरीत १००. म्हणूनच त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४० वाल्या सिरिंजचं टोपण लाल असतं आणि १०० वालीचं नारिंगी. चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १०० वालं इन्सुलिन भरलं, तर १० युनिटच्या खुणेपर्यंत भरूनही शरीरात २५ युनिट जातात. म्हणजे अडीचपट! साखर धाडकन खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

औषध तेच, हात तोच, फक्त माप चुकलं.

आता डायबिटीसच्या अशा एका उपचाराची कल्पना करा, ज्यात औषध म्हणजे बाटलीतलं द्रव नाही, तर जिवंत पेशींचे लाखो सूक्ष्म गोळे आहेत. प्रत्येकाचा आकार वेगळा. काही गोल, काही चपटे, काही तुटके, काही एकमेकांना चिकटलेले. ते रुग्णाला द्यायचे, तर ‘डोस’ कसा मोजायचा? हाच प्रश्न जगभरातले डॉक्टर गेली ३०-३५ वर्षं सोडवत आहेत. ऐकायला रूक्ष वाटेल, पण एखाद्या रुग्णाला हा उपचार मिळणार की नाही, ते याच मोजणीवर ठरतं.

ही बेटं आहेत तरी काय?

आपल्या पोटात, जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्याचा बहुतेक भाग अन्न पचवणारे रस तयार करतो. पण त्यात मधे मधे पेशींचे वेगळेच पुंजके विखुरलेले असतात, समुद्रात बेटं असावीत तसे. १८६९ मध्ये बर्लिनमधल्या पॉल लँगरहॅन्स नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने ते पहिल्यांदा टिपले. तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता. हे पुंजके काय काम करतात, हे त्याला माहीत नव्हतं. पुढे त्यांना त्याचंच नाव मिळालं, ‘लँगरहॅन्सची बेटं’. इंग्रजीत त्यांना आयलेट्स म्हणतात.

एका माणसाच्या स्वादुपिंडात अशी साधारण १० लाख बेटं असतात. तरीही सगळी मिळून त्यांचं वजन स्वादुपिंडाच्या जेमतेम १ ते २ टक्के भरतं. पण इन्सुलिन तयार होतं ते याच बेटांतल्या बीटा पेशींमध्ये. टाइप-१ डायबिटीसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच या बीटा पेशींना शत्रू समजून नष्ट करते. मग रोज इन्सुलिन घेण्यावाचून इलाज राहत नाही. टाइप-१ असलेल्या मुलांची संख्या सर्वाधिक असलेल्या देशांमध्ये आपला भारतही आहे.

मग मनात साधा विचार येतो, नष्ट झालेली बेटं दुसऱ्या कुणाकडून आणून बसवली तर?

रोपण होतं कसं?

हेच आयलेट ट्रान्सप्लांट. ब्रेन-डेड दात्याच्या कुटुंबाने अवयवदानाला होकार दिला की स्वादुपिंड काढून बर्फात ठेवून प्रयोगशाळेत आणतात. त्यात कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम सोडतात. ते पेशींना धरून ठेवणारा चिवट धागा विरघळवतं. मग स्टीलच्या गोळ्या घातलेल्या एका बंद भांड्यात स्वादुपिंडाचे तुकडे हलवत राहतात आणि बेटं हळूहळू सुटी होतात. हे भांडं आणि ही पद्धत कॅमिलो रिकॉर्डी या डॉक्टरांनी १९८८ मध्ये जगासमोर मांडली, म्हणून त्याला ‘रिकॉर्डी चेंबर’ म्हणतात. त्यानंतर गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये बेटं आणि बाकीचा गाळ वेगळा करतात.

शेवटी हाती येतात काही चमचे पेशी. त्या एका पिशवीत भरून, बारीक नळीवाटे यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत सोडतात. होय, बेटं स्वादुपिंडात नाही, यकृतात जाऊन वसतात! सगळं जमलं तर ती तिथूनच इन्सुलिन तयार करू लागतात. पोट उघडण्याची मोठी शस्त्रक्रिया सहसा लागत नाही.

पण पिशवी रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी एक प्रश्न विचारला जातो: यात बेटं किती आहेत?

लाडू मोजायचे की बेसन?

तुम्ही म्हणाल, मोजा की, त्यात काय! पण बेटं एका मापाची नसतात. सगळ्यात लहान बेट ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. मोठं ४००-५०० मायक्रॉनपर्यंत.

दिवाळीत शेजारणीने तुम्हाला २० लाडू दिले आणि तुम्ही तिला २० लाडू दिले, तर हिशोब बरोबर झाला का? तिचे लाडू लिंबाएवढे आणि तुमचे बोराएवढे असतील, तर मुळीच नाही. व्यास दुप्पट झाला की लाडवातलं बेसन दुप्पट होत नाही, आठपट होतं. बेटांचंही तसंच. ३०० मायक्रॉनच्या एका बेटात १५० मायक्रॉनच्या आठ बेटांएवढा ऐवज असतो. म्हणून नुसते नग मोजून उपयोग नाही.

सुरुवातीला प्रत्येक केंद्र आपापल्या पद्धतीने मोजत असे. मग एका शहरातल्या डॉक्टरांनी ‘आम्ही तीन लाख बेटं दिली’ म्हटलं आणि दुसऱ्या शहरातल्यांनीही तेच म्हटलं, तरी दोघांनी सारखंच दिलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. एकाचा रुग्ण बरा झाला, दुसऱ्याचा नाही, तर कारण डोस होतं की आणखी काही, हेही समजत नव्हतं.

शेवटी या क्षेत्रातले तज्ज्ञ एकत्र बसले आणि १९९० मध्ये एक सामाईक माप प्रसिद्ध झालं. ठरलं असं की १५० मायक्रॉन व्यासाचं गोल बेट म्हणजे ‘एक’. याला ‘आयलेट इक्विव्हॅलंट’ म्हणतात. सोयीसाठी आपण त्याला ‘प्रमाण-बेट’ म्हणूया. लहान-मोठी सगळी बेटं आता या मापात सांगायची. ५० ते १०० मायक्रॉनची साधारण सहा बेटं मिळून एक प्रमाण-बेट होतं. १५१ ते २०० मायक्रॉनचं एक बेट म्हणजे सुमारे १.७ प्रमाण-बेटं. ३०० ते ३५० मायक्रॉनचं एकच बेट तब्बल दहा प्रमाण-बेटांएवढं. आणि ५० मायक्रॉनपेक्षा लहान असेल तर ते धरायचंच नाही.

सशावरून ठरलेलं युनिट

माप ठरवण्याची ही धडपड डायबिटीसच्या इतिहासात पहिली नव्हे. १९२१ मध्ये टोरोंटोत इन्सुलिन हाती लागलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं. पण तेव्हा प्रत्येक खेपेच्या इन्सुलिनची ताकद वेगळी निघायची. वजन करून उपयोग नव्हता, कारण औषध शुद्धच नव्हतं. मग काय केलं? उपाशी ठेवलेल्या सशाला इन्सुलिन टोचून त्याची साखर किती उतरते, यावरून युनिट ठरवलं! पुढे १९२५ मध्ये लंडनमध्ये इन्सुलिनचा पहिला आंतरराष्ट्रीय नमुना ठेवला गेला आणि जगभरातलं इन्सुलिन त्याच्याशी ताडून पाहता येऊ लागलं.

आज तुम्ही मुंबईत, इंदूरमध्ये किंवा बंगळुरूत इन्सुलिन विकत घेतलं तरी १० युनिट म्हणजे १० युनिटच असतात, ते या कामामुळे. बेटांच्या बाबतीत अडचण अशी, की जिवंत बेटांचा नमुना कपाटात जपून ठेवता येत नाही. प्रत्येक दाता वेगळा आणि प्रत्येक पिशवी वेगळी.

एका ठिपक्याची किंमत

आता प्रत्यक्ष मोजणी पाहू. लाखो बेटं एक एक करून मोजणं शक्य नाही. म्हणून भाताचं शीत चाचपून पाहावं तसा नमुना घेतात. समजा, सगळी बेटं २५० मिलिलिटर द्रवात ढवळून ठेवली आहेत. त्यातला फक्त ०.१ मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन थेंब काढतात. त्यात डायथायझोन नावाचा रंग घालतात. इन्सुलिनच्या कणांसोबत जस्त असतं आणि हा रंग जस्ताला धरतो. त्यामुळे बेटं लालबुंद दिसतात आणि बाकीच्या पेशी फिकट राहतात. मग तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून बघत, भिंगातल्या पट्टीवर प्रत्येक लाल ठिपक्याचा आकार अजमावून नोंद करतो.

२५० मिलिलिटरमध्ये ०.१ मिलिलिटर किती वेळा बसतं? २,५०० वेळा. म्हणजे नमुन्यातलं प्रत्येक प्रमाण-बेट पिशवीतल्या अडीच हजारांचं प्रतिनिधी.

आता रुग्णाचं वजन ७० किलो धरा. अनेक केंद्रांत दर किलोला किमान ५,००० प्रमाण-बेटं हवीत असा दंडक आहे. म्हणजे ३,५०,००० हवीत. एका तंत्रज्ञाने नमुन्यात १५० मोजली, तर आकडा येतो ३,७५,०००. पिशवी पास! दुसऱ्याने त्याच नमुन्यात १३० मोजली, तर आकडा ३,२५,०००. पिशवी नापास! फरक फक्त २० ठिपक्यांचा. पण एका उत्तराने वर्षभर वाट पाहणारा रुग्ण ऑपरेशन टेबलकडे जातो आणि दुसऱ्या उत्तराने त्याच्या घरी फोन जातो, ‘आज होणार नाही.’

म्हणूनच एकाच नमुन्याचे दोन-दोन भाग घेऊन, शक्य तिथे दोन जणांकडून मोजून सरासरी काढतात. तरीही घोळ उरतो. तो कुठे होतो, ते पाहा.

० आकार अजमावताना: व्यास फक्त १० टक्क्यांनी जास्त धरला, तर आकारमान ३३ टक्क्यांनी फुगतं.

० गट पाडताना: १५५ आणि १९५ मायक्रॉनची बेटं एकाच गटात पडतात आणि दोघांना सारखेच गुण मिळतात. खरं तर दुसरं पहिल्याच्या जवळपास दुप्पट असतं.

० वरून पाहताना: थालीपीठ आणि लाडू, दोन्ही वरून गोलच दिसतात. सूक्ष्मदर्शकालाही फक्त वरचा आकार दिसतो. चपटं बेट पूर्ण गोल धरलं गेलं की आकडा वाढतो.

० रंग ओळखताना: काही बेटांना बाकीच्या पेशी चिकटलेल्या असतात. कडा कुठे संपते, हे प्रत्येकाचा डोळा वेगळं ठरवतो.

० नमुना घेताना: द्रव नीट ढवळला नसेल तर जड बेटं तळाशी बसतात आणि थेंबात भलतंच काही येतं.

डोळ्याच्या मदतीला कॅमेरा

यावर तोडगा म्हणून अनेक केंद्रांनी कॅमेऱ्याची मदत घेतली. नमुन्याचा फोटो काढायचा आणि सॉफ्टवेअरने प्रत्येक लाल ठिपक्याची कड आखून त्याचं क्षेत्रफळ मोजायचं. मग ५०-५० मायक्रॉनचे ढोबळ गट पाडण्याची गरज राहत नाही, प्रत्येक बेटाचं आकारमान स्वतंत्र काढता येतं. प्रागसारख्या शहरांतल्या संशोधकांनी यासाठी संगणकाला शिकवायलाही घेतलं. अनुभवी माणसांनी कडा आखलेले फोटो दाखवत दाखवत बेट कोणतं आणि गाळ कोणता, हे संगणक शिकतो.

याचा मोठा फायदा म्हणजे पुरावा मागे राहतो. डोळ्याने मोजलं तर मागे उरतो फक्त कागदावरचा आकडा. फोटो असला तर दुसऱ्या देशातला तज्ज्ञही सहा महिन्यांनी तीच मोजणी तपासू शकतो.

पण संगणक म्हणजे जादूची कांडी नाही. फोटोतला प्रकाश कमी-जास्त झाला, रंग फिका पडला, बेटं एकमेकांवर चढली की तोही फसतो. म्हणून नमुना कसा घ्यायचा, रंग किती वेळ ठेवायचा, फोटो किती मोठा करून काढायचा, हे सगळं आधी सगळीकडे एकसारखं व्हायला हवं. त्याशिवाय महागडं सॉफ्टवेअर आणूनही दोन केंद्रांचे आकडे जुळणार नाहीत.

संख्या पुरली, पण जीव आहे का?

बाजारातून किलोभर भाजी आणली आणि निम्मी सडकी निघाली, तर वजन बरोबर असून काय फायदा? म्हणून बेटांच्या आणखी काही परीक्षा घेतात. दोन रंग घालून पाहतात. जिवंत पेशी हिरव्या चमकतात, मेलेल्या लाल. साधारण ७० टक्के तरी जिवंत असाव्यात, अशी अट असते. शुद्धताही पाहतात, म्हणजे पिशवीतल्या एकूण ऐवजात खरी बेटं किती. इथे ३० टक्केसुद्धा चालतात. जंतू किंवा त्यांचं विष नाही ना, हेही तपासतात.

खरी कसोटी म्हणजे ही बेटं साखर पाहून इन्सुलिन सोडतात का? ती उंदराच्या शरीरात घालून पाहता येतात, पण उत्तर मिळायला काही आठवडे लागतात आणि पिशवी तर एक-दोन दिवसांतच वापरायची असते. म्हणून पेशी किती ऑक्सिजन वापरतात, हे मोजण्यासारख्या झटपट चाचण्यांवर काम चालू आहे.

काय मिळालं या मोजणीतून?

२००० साली कॅनडातल्या एडमंटनमधून बातमी आली. जेम्स शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइप-१ च्या ७ रुग्णांवर आयलेट ट्रान्सप्लांट केलं आणि सातही जणांचं इन्सुलिन सुटलं. स्टेरॉइड न वापरता प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं त्यांनी दिली होती. शिवाय पुरेशी बेटं मिळावीत म्हणून सगळ्यांनाच एकापेक्षा जास्त दात्यांची बेटं दिली. ‘पुरेशी’ म्हणजे किती, हे त्यांना सांगता आलं, ते सामाईक माप असल्यामुळेच.

मग हीच पद्धत वेगवेगळ्या ९ केंद्रांत ३६ जणांवर करून पाहिली. २००६ मध्ये आलेल्या निकालात १६ जण शेवटच्या रोपणानंतर वर्षभराने इन्सुलिनशिवाय होते. पण दोन वर्षांत बहुतेकांना पुन्हा इन्सुलिन लागलं. धडा असा की हा कायमचा ‘रामबाण’ नाही. तरीही ज्यांची बेटं थोडीफार काम करत राहिली, त्यांना साखर अचानक कोसळण्याच्या जीवघेण्या प्रसंगांपासून संरक्षण मिळालं. ज्यांच्या घरी रात्री दोन वाजता कुणाला तरी हलवून जागं करून साखर चारावी लागते, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

ब्रिटनमध्ये २००८ पासून हा उपचार सरकारी आरोग्यसेवेतून मिळतो. अमेरिकेने जून २०२३ मध्ये ‘लँटिड्रा’ या नावाने दात्याच्या बेटांचा उपचार औषध म्हणून मंजूर केला. तिथेही डोस पहिल्या वेळी दर किलोला किमान ५,००० प्रमाण-बेटं, असाच लिहिलेला आहे. ३० जणांवरच्या अभ्यासात २१ जण वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ इन्सुलिनशिवाय राहिले, तर ५ जणांचं इन्सुलिन एकही दिवस सुटलं नाही.

आणि २०२५ मध्ये मूळ पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या बेटांचे निकाल आले. पूर्ण डोस मिळालेल्या १२ पैकी १० जणांना वर्षभरानंतर इन्सुलिन लागत नव्हतं. गंमत म्हणजे तिथे डोस बेटांत नाही, पेशींत मोजला: ८० कोटी पेशी. म्हणजे जुनं आणि नवं यांची तुलना करायची तर पुन्हा दोन मापं जुळवण्याचं काम आलंच!

आपल्या घरासाठी काय?

हे वाचून लगेच ‘आमच्या मुलाचं करून घेऊ’ असं वाटणं साहजिक आहे. पण काही गोष्टी लक्षात ठेवा.

० हा उपचार मुख्यतः टाइप-१ च्या अशा मोजक्या रुग्णांसाठी आहे, ज्यांची साखर चांगल्या उपचारानंतरही वारंवार धोकादायक खाली जाते आणि त्यांना आधी जाणवतही नाही. टाइप-२ साठी हा नेहमीचा उपाय नाही.

० दात्याची बेटं टिकवायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सतत घ्यावी लागतात. त्यामुळे संसर्गाचा धोका वाढतो. वाढत्या वयाच्या मुलासाठी रोजचं इन्सुलिन बहुधा जास्त सुरक्षित ठरतं.

० स्वादुपिंडाला वर्षानुवर्षं सूज असेल आणि असह्य वेदनांमुळे ते काढावंच लागलं, तर रुग्णाला त्याचीच बेटं परत देता येतात. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९७७ मध्ये हे पहिल्यांदा केलं गेलं. इथे बेटं स्वतःचीच असल्याने प्रतिकारशक्ती दाबावी लागत नाही. केरळसारख्या भागात तरुण वयातच स्वादुपिंडात खडे होण्याचा आजार दिसत आला आहे, त्यामुळे हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही.

० ‘स्टेम सेलने डायबिटीस मुळापासून बरा’ अशी जाहिरात दिसली, तर तीन प्रश्न विचारा. डोस किती आणि कोणत्या मापात? तो मोजला कुणी आणि तपासला कुणी? हा नोंदणीकृत अभ्यास आहे का? उत्तर गुळमुळीत आलं की पाकीट बंद करा.

० डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन एक दिवससुद्धा बंद करू नका. टाइप-१ मध्ये ते जिवावर बेतू शकतं.

० अवयवदानाबद्दल घरात बोला. आपल्याकडे मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांचं प्रमाण दहा लाख लोकांमागे एकसुद्धा नाही. तुम्ही अर्ज भरला असला तरी वेळ आल्यावर होकार कुटुंबालाच द्यावा लागतो. त्यांना तुमची इच्छा माहीत असायला हवी.

आणि आज संध्याकाळी एवढं करा. फ्रीज उघडा, इन्सुलिनची बाटली हातात घ्या, तिच्यावरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतोय का, ते पाहा. नसेल जुळत तर औषधाच्या दुकानात जाऊन सिरिंज बदलून आणा.